अंगणातले बाकडे आणि थांबलेले पाणी

गेल्या अंकात या सदरात ‘पावसाळ्यापूर्वी घराबाहेरच्या लाकडी वस्तू एकदा तपासून घ्याव्यात’ असे एकच वाक्य लिहिले होते आणि त्यावर आलेली बहुतेक पत्रे बाकड्यांविषयी निघाली. पुणेकराला बसायला कट्टा लागतोच. तो आता दगडी उरला नाही म्हणून लाकडी करावासा वाटतो, एवढाच यातला बदल. त्यामुळे या वेळचे सदर बाकड्यालाच दिले आहे. सारख्या आशयाची पत्रे एकत्र केली असून पत्रलेखकांची नावे नेहमीप्रमाणे गाळली आहेत.

प्रश्न : मी नुकताच निवृत्त झालो आहे. अंगणात पारिजातकाखाली दोन-तीन माणसांना बसता येईल असे साधे, पाठ नसलेले लाकडी बाकडे स्वतःच्या हाताने करावे अशी इच्छा आहे. सुतारकामाचा अनुभव भिंतीवर फळी ठोकण्यापुरताच आहे. लाकूड कोणते घ्यावे, किती घ्यावे आणि बाकड्याची मापे काय ठेवावीत? बाकडे वर्षभर उघड्यावरच राहील. (सहकारनगर)

उत्तर : आपल्या पत्रातले शेवटचे वाक्य सर्वांत महत्त्वाचे आहे, म्हणून तिथूनच सुरुवात करतो. लाकूड भिजल्याने फारसे बिघडत नाही, ते भिजलेले राहिले की बिघडते. लाकूड कुजवणारी बुरशी वाढण्यासाठी त्यात साधारण २० टक्क्यांहून अधिक ओलावा टिकून राहावा लागतो. त्याखाली ओलावा राहिला तर वाड्यांच्या तुळया दोन-दोनशे वर्षे शाबूत राहतात, हे आपण पाहतोच. पुण्याचा पाऊस कोकणासारखा कोसळत नाही, पण जुलै-ऑगस्टमध्ये आठ-आठ दिवस ऊन न दाखवता जी भुरभुर चालते, ती लाकडाच्या दृष्टीने मुसळधार सरीपेक्षा वाईट असते. म्हणून बाकड्याचा प्रत्येक सांधा आखताना एकच प्रश्न विचारावा : येथे पाणी आले तर ते कोठून निघून जाईल?

लाकूड म्हणाल तर साग, आणि सागातही गाभ्याचे लाकूड. ओंडक्याच्या मधला सोनेरी-तपकिरी भाग म्हणजे गाभा आणि सालीलगतचा फिकट पांढुरका भाग निराळा. सागाच्या टिकाऊपणाची जी कीर्ती आहे ती सगळी गाभ्याची आहे, कारण वाळवीला आणि बुरशीला न मानवणारी द्रव्ये गाभ्यातच साठलेली असतात. पांढरा भाग सागाचा असला तरी तो कोणत्याही हलक्या लाकडासारखाच किडतो. भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमध्ये गेलात की फळीचा रंग वरून न पाहता तिचे कापलेले टोक पाहावे. तेथे गाभा आणि पांढरा यांची सीमा स्पष्ट दिसते. चंद्रपूर-गडचिरोलीकडच्या सागाला व्यापारी अजूनही ‘सीपी साग’ म्हणतात. हे ‘सीपी’ म्हणजे इंग्रजी राजवटीतला मध्य प्रांत; प्रांत जाऊन पाऊणशे वर्षे होत आली तरी वखारीत तो नांदतो आहे. परदेशांतील लागवडीचा सागही बाजारात येतो. तो वाईट नसतो, मात्र कमी वयात तोडलेल्या झाडाच्या फळ्यांत पांढऱ्याचे प्रमाण जास्त निघते, एवढे लक्षात ठेवावे.

साग परवडत नसेल तर बाभळीच्या गाभ्याचा विचार करावा. बैलगाडी आणि नांगर यांसाठी आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या बाभूळ वापरली गेली ती तिच्या चिवटपणामुळे. ती जड असते, वाळताना चिरते आणि आधी भोक पाडल्याशिवाय स्क्रू घेत नाही, म्हणून पहिल्याच कामासाठी ती सुचवायला मी जरा कचरतो. आंब्याचे लाकूड स्वस्त असते, पण ते उघड्यावर ठेवू नये. प्लायवूड तर नकोच. ‘मरीन’ म्हणून विकले जाणारे आयएस ७१० प्रतीचे प्लायवूड उकळत्या पाण्याच्या चाचणीला उतरते हे खरे असले, तरी त्याच्या उघड्या कडा वर्षानुवर्षे ऊन आणि पाऊस झेलण्यासाठी केलेल्या नसतात.

आता मापे. बाकड्याची लांबी ४ फूट, बसण्याची रुंदी पावणेपंधरा इंच आणि जमिनीपासून उंची साडेसतरा इंच ठेवावी. ज्येष्ठ मंडळींना उठायला ही उंची सोयीची पडते. यासाठी साडेतीन इंच रुंद, सव्वा इंच जाड आणि ४८ इंच लांब अशा चार पट्ट्या बसण्यासाठी लागतील. अडीच इंच चौरस आणि १६ इंच लांब असे चार पाय, ३ इंच रुंद, सव्वा इंच जाड आणि ४० इंच लांब अशा दोन लांब पट्ट्या, तसेच त्याच रुंदी-जाडीच्या १४ इंची तीन आडव्या पट्ट्या घ्याव्यात. वखारीत लाकूड घनफुटावर विकतात आणि त्याचा हिशेब सोपा आहे : रुंदी आणि जाडी इंचांत, लांबी फुटांत घेऊन तिन्हींचा गुणाकार करावा आणि १४४ ने भागावे. वरील सर्व तुकड्यांचा हिशेब जवळजवळ एक घनफूट येतो. रंध्याखाली जाणारे आणि चिरलेली टोके छाटण्यात जाणारे लाकूड धरून सव्वा ते दीड घनफूट घ्यावे. तुकडे वखारीतूनच चिरून आणि रंधा मारून घेतलेत तर निम्मे कष्ट तेथेच वाचतात, आणि त्यात कमीपणा मानण्याचे काही कारण नाही. लाकूड मात्र वाळलेले हवे. इंचभर जाडीला सावलीत सुमारे वर्षभर, असा जुना ठोकताळा आहे. ताज्या चिरलेल्या लाकडाचे बाकडे पहिल्याच उन्हाळ्यात पिळवटते.

जोडणीला पायांपासून सुरुवात करावी. दोन पाय एकमेकांसमोर ठेवून त्यांच्या बाहेरच्या अंगाला १४ इंची आडवी पट्टी बोल्टने बसवावी म्हणजे एका टोकाची चौकट झाली; तशीच दुसऱ्या टोकाची करावी. मग पायांच्या आतल्या अंगांना दोन्ही लांब पट्ट्या बसवून चौकटी जोडाव्यात. प्रत्येक जोडाला ८ मिलिमीटर जाडीचे आणि साडेचार इंच लांबीचे दोन बोल्ट, वॉशर आणि नट असे एकूण १६ बोल्ट लागतील. एकाच पायात दोन दिशांनी बोल्ट येत असल्यामुळे ते एका उंचीवर घेऊ नयेत, अर्धा-अर्धा इंच वरखाली घ्यावेत. नाही तर दुसरे भोक पाडताना ड्रिल पहिल्या बोल्टवर जाऊन आदळते. सुतार मंडळी येथे पायाला कुसू, म्हणजे टोकाला कोरलेली खुंटी, काढून तो भोकात बसवतील आणि त्यांचे काम आपल्या कामाहून देखणे होईल. तरीही उघड्यावरच्या पहिल्या बाकड्याला मी बोल्टच सुचवतो, कारण भोकात सैल बसलेला कुसू पाणी धरून ठेवतो आणि कधी काळी एखादा पाय बदलावा लागला तर बोल्ट पान्याने सुटतो.

तिसरी आडवी पट्टी बरोबर मध्यावर येते आणि येथे तुम्हाला या कामातला एकमेव कोरीव सांधा करावा लागेल. लांब पट्टीत वरून दीड इंच खोल आणि आडव्या पट्टीत खालून दीड इंच खोल अशा सव्वा इंच रुंदीच्या खाचा करवतीने आणि पटाशीने काढल्या की दोन्ही पट्ट्या एकमेकींत बसतात आणि त्यांचे माथे एका पातळीत येतात. खाच आखताना टेपने मोजून रेघ मारण्यापेक्षा दुसरी पट्टीच जागेवर उभी धरून तिच्या दोन्ही कडांना टोकदार पेन्सिल लावावी. ही मधली पट्टी अनावश्यक वाटेल, पण ती गाळू नये. वाकण्याचा हिशेब असा असतो की दोन आधारांतले अंतर दुप्पट केले तर फळी तेवढ्याच भाराखाली आठपट वाकते, आणि उलट जाडी दुप्पट केली तर वाक आठव्या हिश्श्यावर येतो. एका साध्या पट्टीच्या बदल्यात फळ्यांची जाडी वाचते, हा सौदा चांगला आहे.

पायांचे माथे आडव्या पट्ट्यांच्या माथ्यापेक्षा पाव इंच खाली राहतील असे बसवावेत. वरची मापे तसाच हिशेब करून दिली आहेत. लाकूड म्हणजे उभ्या नळ्यांची जुडी असते, आणि कापलेल्या टोकातून ते जेवढे पाणी पिते तेवढे अंगातून कधीच पीत नाही. पायाच्या माथ्यावर फळी थेट टेकवली तर तेथे पाणी अडकून पाय वरून कुजत येतो. पाव इंचाच्या फटीतून वारा खेळतो आणि ती जागा सुकते.

बसण्याच्या चार पट्ट्यांमध्ये दोन सुतांची फट ठेवावी. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. हे माप शाळेत शिकवत नाहीत, पण वखारीत आणि सुताराकडे तेच चालते. लाकूड लांबीत जवळजवळ वाढत नाही, रुंदीत मात्र पावसाळ्यात फुगते आणि मे महिन्यात आक्रसते. त्यामुळे एप्रिल-मेमध्ये काम करत असाल तर फट दोन सुतांहून कमी करू नये. पट्ट्या वरून न ठोकता खालून स्क्रूने आवळाव्यात. त्यासाठी आडव्या पट्टीत खालच्या अंगाने दीड इंच खोल रुंद भोक घ्यावे आणि त्यातून सव्वादोन इंची स्क्रू वर न्यावा. भोकाचे तोंड खाली असल्यामुळे त्यात पाणी साचत नाही आणि बसणाऱ्याच्या धोतराला किंवा साडीला स्क्रूचे डोकेही लागत नाही. पट्ट्यांच्या वरच्या कडा रंध्याने किंचित गोल कराव्यात, कारण धारदार कडेवर रंग आणि तेल टिकत नाही.

नट पूर्ण आवळण्याआधी चौकटीचे दोन्ही कर्ण मोजावेत. ते समान आले म्हणजे चौकट काटकोनात आहे, मग गुण्या नसला तरी चालतो. शेवटी बाकडे सपाट फरशीवर ठेवून डुगडुगते का ते पाहावे आणि डुगडुगल्यास लांब राहिलेला पाय छाटावा. आखूड पायाखाली चिपाटी घालण्याचा मोह टाळावा, कारण ती पहिल्या पावसातच निसटते. तयार बाकड्याचे वजन १८ किलोंच्या आसपास भरेल. दोघांनी सहज उचलण्याजोगे आणि वाऱ्याने न हलण्याजोगे, असे हे वजन आहे.

प्रश्न : गेल्या जुलैच्या वादळी पावसात आमच्या सोसायटीतला मोठा गुलमोहर उन्मळून पडला. त्याखाली तीस वर्षे मुले खेळली, म्हणून त्याच्याच बुंध्याचे बाकडे करून तेथे ठेवावे असे सर्वांच्या मनात आहे. बुंधा मागच्या आवारात पडून आहे. (वानवडी)

उत्तर : भावना समजते, पण गुलमोहराचे लाकूड या कामाला साथ देणार नाही. ते हलके, भरड आणि ठिसूळ असते, आणि मातीवर पडलेल्या बुंध्यात एव्हाना भुंगेरे शिरलेही असतील. करवतीखाली गेल्यावर फळ्या धड निघाल्या तरी उघड्यावर त्या दोन-तीन पावसाळ्यांपलीकडे जातील असे वाटत नाही. बुंध्याचा एखादा जाड काप वाळवून सोसायटीच्या कार्यालयात, छताखाली ठेवावा. तेथे तो बरीच वर्षे टिकेल. बाकडे मात्र दुसऱ्या लाकडाचे करावे. पडलेले झाड पर्जन्यवृक्षाचे असते तर माझे उत्तर वेगळे असते, कारण त्याचा गडद तपकिरी गाभा बऱ्यापैकी टिकतो.

याच पत्रात ‘औषध मारून गुलमोहर टिकवता येईल का’ असेही विचारले आहे. लाकूड टिकवण्याच्या औषधांत तांबे, क्रोमियम आणि आर्सेनिक यांचे मिश्रण जगभर गाजले, आणि ते १९३३ मध्ये डेहराडूनच्या वन संशोधन संस्थेत सोंटी कामेसन या भारतीय शास्त्रज्ञाने शोधले ही अभिमानाची गोष्ट आहे. परंतु ते औषध बंद टाकीत दाब देऊन लाकडाच्या आत ढकलावे लागते. ब्रशने मारलेले औषध कातडीपुरतेच राहते. शिवाय आर्सेनिकमुळे अमेरिकेत २००३ च्या अखेरीपासून घरगुती लाकडासाठी त्याचा वापर थांबवण्यात आला, त्यामुळे मुले बसणार त्या बाकड्याला ते मी सुचवणार नाही. बोरॅक्स आणि बोरिक अॅसिड यांचे द्रावण त्यामानाने सौम्य असते आणि किडीवर उपयोगीही पडते, पण उघड्यावर ते पावसाबरोबर धुऊन जाते. राहता राहिली एक सूचना : सोसायटीतले उभे झाड तोडायचे झाल्यास, ते धोकादायक झालेले असले तरी, १९७५ च्या महाराष्ट्र झाडे संरक्षण कायद्यानुसार महापालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाची परवानगी घ्यावी लागते. बाकड्याच्या उत्साहात हे विसरू नये.

प्रश्न : माझ्या कारखान्यात यंत्रांच्या खोक्यांचे आणि पॅलेटचे पाइनचे लाकूड मोफत मिळते. त्यावर ‘एचटी’ असा शिक्का आहे. ते प्रक्रिया केलेले असल्यामुळे बाहेर टिकेल असे सहकारी सांगतात. (भोसरी)

उत्तर : सहकाऱ्यांचा समज चुकीचा आहे. ‘एचटी’ म्हणजे लाकूड ठरावीक तापमानापर्यंत तापवून त्यातली कीड मारलेली आहे. परदेशी कीड एका देशातून दुसऱ्या देशात जाऊ नये म्हणून आंतरराष्ट्रीय नियमानुसार हे केले जाते. त्यामुळे आज कीड नाही एवढेच कळते. उद्या लागणार नाही किंवा लाकूड कुजणार नाही याची कोणतीही हमी त्या शिक्क्यात नाही. ‘एमबी’ असा शिक्का असेल तर लाकडाला मिथाइल ब्रोमाइड या विषारी वायूची धुरी दिलेली असते. ते लाकूड घरी आणू नये. फुकटच्या पाइनवर हात बसवायला मात्र हरकत नाही. तुम्ही त्याचे बाकडे करा, ते व्हरांड्यात किंवा छपराखाली ठेवा आणि त्यातल्या चुका पाहून मग सागाला हात घाला.

प्रश्न : आमचा जुना वाडा पाडला तेव्हा सागाच्या तुळया आणि खणांच्या फळ्या ठेवून घेतल्या होत्या. नव्या इमारतीच्या गच्चीवर त्यांचे बाकडे करायचे आहे, पण दोन सुतारांनी ‘आमची पाती खराब होतील’ म्हणून नकार दिला. (सदाशिव पेठ)

उत्तर : सुतारांचे चुकले नाही. वाड्याच्या लाकडात जुने हाती घडवलेले लोखंडी खिळे खोल बसलेले असतात, त्यांची डोकी गंजून झडलेली असतात आणि वरून काहीच दिसत नाही. यंत्राचे पाते अशा खिळ्यावर गेले तर पाते तर जातेच, शिवाय उडालेला तुकडा डोळ्यात जाण्याची भीती असते. म्हणून काम देण्याआधी तुम्ही स्वतः एक दुपार खर्च करावी. जोरदार चुंबक दोऱ्याला बांधून फळीवरून सावकाश फिरवावा. जेथे तो ओढला जाईल तेथे खडूने खूण करावी आणि खिळा पटाशीने भोवती कोरून पकडीने काढावा. लाकडात काळे डाग दिसले तर तेथे हटकून लोखंड असते किंवा एके काळी होते. चुन्याची पुटेही ताराच्या ब्रशने खरवडून काढावीत, कारण त्यातल्या वाळूने रंध्याची धार जाते. खिळे काढलेल्या फळ्या दाखवल्यात की सुतार सहसा नाही म्हणत नाहीत.

या लाकडावर जुना तैलरंग असेल तर तो कोरडा घासू नये. आपल्याकडे घरगुती रंगांतल्या शिशाची मर्यादा ९० पीपीएमवर, म्हणजे दहा लाख भागांत ९० भागांवर, आली ती २०१७ च्या अखेरीस. त्याआधीच्या, आणि विशेषतः वाड्यांच्या काळातल्या रंगात शिसे किती असेल याचा भरवसा नाही. लाकूड ओले करून मास्क लावून खरवडावे, निघालेले कपचे कागदात गोळा करावेत आणि लहान मुलांना त्या दिवशी गच्चीवर येऊ देऊ नये.

एवढे केल्यावर हाती येणारे लाकूड मात्र आजच्या बाजारात पैसे मोजूनही सहजासहजी मिळणार नाही. शे-दीडशे वर्षे वाळलेला साग पिळवटत नाही आणि त्याच्यावर रंधा फिरवल्याबरोबर येणारा चामड्यासारखा वास अजूनही ताजा असतो. तुळईच्या जुन्या खाचा दिसू द्याव्यात, फक्त त्या बसण्याच्या बाजूला आणू नयेत, कारण त्यांत पाणी साचेल. येथे सौंदर्यापेक्षा पन्हळीचा विचार आधी करावा, असे माझे मत आहे.

प्रश्न : दिवाळीत सागवानी बाकड्याला चकचकीत व्हार्निश लावून घेतले होते. सप्टेंबरपर्यंत ते जागोजागी पापुद्रे धरून सुटले आणि खालचे लाकूड करडे पडले आहे. व्हार्निश हलके होते की कारागिराने फसवले? (कोथरूड)

उत्तर : बहुधा दोन्ही नाही. सूर्यप्रकाशातले अतिनील किरण लाकडाच्या तंतूंना चिकटवून ठेवणाऱ्या लिग्निनची मोडतोड करतात. पारदर्शक व्हार्निशमधून हे किरण आत जातात, त्यामुळे व्हार्निश वरून चकाकत असतानाच त्याच्याखालचा लाकडाचा थर सैल होत असतो. मे महिन्याच्या उन्हात त्या पापुद्र्याला सांध्याजवळ बारीक चीर पडते, जूनमध्ये त्यातून पाणी आत शिरते आणि पापुद्र्यामुळे ते बाहेर येऊ शकत नाही. ज्या थराने पाणी अडवायचे, तोच ते कोंडून ठेवतो. किरण शोषणारी द्रव्ये घातलेले बाह्य वापराचे व्हार्निश यापेक्षा जास्त टिकते, पण त्यालाही दर एक-दोन वर्षांनी नवा हात लागतो. घरातल्या फर्निचरला करतात ते लाखेचे पॉलिश तर बाहेर अजिबात करू नये. पाण्याने ते पांढरे पडते.

तुमच्यासमोर तीन मार्ग आहेत. पहिला, काहीच न लावता सागाला करडा होऊ देणे. हा रंग वरवरचा असतो, त्याने लाकडाच्या बळात फरक पडत नाही, आणि मला स्वतःला तो चंदेरी करडा आवडतो. दुसरा मार्ग तेलाचा. रंगाच्या दुकानात ‘बेल तेल’ या नावाने मिळणारे उकळलेले जवसाचे तेल थोडे टर्पेंटाइन घालून चोळावे, पंधरा-वीस मिनिटांनी वर राहिलेले पुसून काढावे आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी पुन्हा एक हात द्यावा. तेलाचा पापुद्रा धरत नाही, त्यामुळे लाकूड श्वास घेते. पण वर्षातून एकदा तरी ते लावावे लागते, आणि जाड थर राहिला तर पावसाळ्यात त्यावर काळी बुरशी येते. तिसरा, वुड प्रायमर देऊन त्यावर अपारदर्शक तैलरंगाचे दोन हात. रंगातले कण किरण अडवतात म्हणून तिन्हींत हेच जास्त टिकते, पण साग घेऊन त्यावर हिरवा रंग द्यायचा म्हणजे पैठणीवर रेनकोट घालण्यासारखे आहे.

तेलाच्या मार्गाने जाणार असाल तर सैल पापुद्रे खरवडून ८० नंबरच्या आणि मग १२० नंबरच्या पॉलिश पेपरने लाकडाच्या रेषेच्या दिशेने घासावे. त्याहून गुळगुळीत करू नये. फार बारीक घासलेल्या लाकडात तेल नीट मुरत नाही. काम एप्रिलमध्ये, सावलीत करावे. आणि एक धोक्याची सूचना, जी येथे ठळक छापावी अशी संपादकांना विनंती आहे : जवसाच्या तेलाने भिजलेल्या चिंध्या बोळा करून कोपऱ्यात टाकू नयेत. तेल सुकताना उष्णता निर्माण होते, बोळ्यात ती कोंडते आणि चिंधी काडी न लावता आपोआप पेट घेऊ शकते. चिंध्या पाण्यात बुडवून ठेवाव्यात किंवा दोरीवर सुट्या पसरून वाळू द्याव्यात.

प्रश्न : नव्या बाकड्यावर प्रत्येक स्क्रूभोवती निळसर काळे डाग पडले आहेत. ही बुरशी आहे का? (औंध)

उत्तर : नाही. लाकडातले टॅनिन आणि स्क्रूमधले लोखंड ओलाव्यात एकत्र आले की काळी शाई तयार होते. पूर्वी लिहिण्याची शाई याच गुणधर्मावर करत असत. जिप्समच्या छतासाठी वापरतात ते काळे स्क्रू तुमच्या सुताराने लावले असावेत. ते बाहेर लवकर गंजतात आणि कठीण लाकडात आवळताना मुंडी तुटते. मी केलेले पहिले बाकडे याच स्क्रूंनी आणि साध्या पांढऱ्या गोंदाने जोडले होते. तिसऱ्या पावसाळ्यात गोंद मऊ पडला, स्क्रू गंजले आणि पाहुणे बसलेले असताना मधली पट्टी खाली गेली. पाहुणे सासरचे होते, त्यामुळे ती आठवण घरात अजून निघते. सर्व स्क्रू काढून ३०४ प्रतीच्या स्टेनलेस स्टीलचे लावावेत. रविवार पेठेतल्या बोहरी आळीत ते सुटे मिळतात. पुण्याच्या हवेला ही प्रत पुरते, समुद्रकाठच्या घरासाठी मात्र ३१६ घ्यावी. डाग ऑक्झॅलिक अॅसिडच्या पातळ द्रावणाने निघतात. ते विषारी असल्यामुळे हातमोजे घालून लावावे आणि नंतर भरपूर पाण्याने धुवावे. गोंद वापरणारच असाल तर जलरोधक प्रतीचा किंवा इपॉक्सी घ्यावा.

प्रश्न : आमच्या बागेतले बाकडे कोणी उचलून नेऊ नये म्हणून त्याचे पाय जमिनीत फूटभर गाडून सिमेंट काँक्रीट भरावे असे ठरले आहे. यात काही गैर आहे का? (बिबवेवाडी)

उत्तर : काँक्रीटमध्ये गाडलेला लाकडी पाय म्हणजे पेल्यात उभी केलेली काडी. लाकूड आक्रसले की पायाभोवती केसाएवढी फट पडते, तीत पाणी उतरते आणि खालून निघायला वाट नसते. पाय नेमका जमिनीच्या पातळीवर कुजतो आणि वाळवीलाही मातीतून लाकडात शिरायला आडोसा मिळतो. त्याऐवजी काँक्रीटमध्ये गॅल्व्हनाइज्ड लोखंडी अँगलचे तुकडे उभे बसवावेत आणि पाय जमिनीपासून इंचभर वर राहील अशा बेताने त्यांना बोल्टने जोडावेत. बोल्टची गोल डोकी बाहेरच्या अंगाला आणि नट आतल्या अंगाला ठेवले की चोराला पान्यासह बाकड्याखाली आडवे व्हावे लागेल.

ज्यांना बाकडे हलते ठेवायचे आहे त्यांनी प्रत्येक पायाखाली शहाबादी फरशीचा तुकडा घालावा, आणि पायाचे कापलेले टोक इपॉक्सीचे दोन हात देऊन आधीच बंद करावे. ऑक्टोबरचे ऊन पडले की बाकडे एकदा उलटे करून त्या टोकांत सुरी टोचून पाहावी. सुरी सहज आत गेली तर तेवढा पाय छाटून चारही पाय त्या मापाला आणावेत. बाकडे अर्धा इंच बुटके होईल, पण आणखी काही पावसाळे काढेल.